मचव्याच्या खोपीतली बैठक

१२ फेब्रुवारी १९३४, रेवदंडा

दवाखान्याच्या ओटीवर आजही एकही बाई नाही. बाळंतपणासाठी म्हणून मला इथे नेमले, आणि महिनाभर नुसत्या बाटल्या पुसते आहे. ओटीवर पुरुष बसलेले असतात म्हणून मोहल्ल्यातल्या येत नाहीत. कोळणी आल्या की कंपाउंडर नाकाला रुमाल लावतो. महारवाड्यातल्यांनी अंगणाच्या कडेला उभे राहायचे. डॉ.ना सांगितले. "येतील हळूहळू."

संध्याकाळी कोळवाड्यात गेले. हिराबाईची सून कमळ, सहावा महिना. आधीची दोन्ही मुले आठवड्याभरात गेली. जबडा बसला, अंग ताठले. धनुर्वात. नाळ मासे कापायच्या कोयत्याने कापलेली, वर चुलीतली राख. हिराबाई म्हणते, सटवीने नेली. कोयता पाहायला मागितला. कमळने धुऊन आणून दिला. धुतला म्हणजे झाले, अशी समजूत.

२० फेब्रु.

हिराबाईने जागा दिली. तिच्या नवऱ्याचा, धर्मा तांडेलाचा मासेमारीचा मचवा पावसाळ्यात जिथे ओढून ठेवतात ती खाडीकाठची खोप. खांब आणि वर माडाचे झाप, बाकी चारी बाजू उघड्या. मचवा समुद्रावर असेतो रिकामीच.

"येक आयका नर्सबाय. तिथं काय बी बोला, काय बी शिकवा. पन बाळंतपन न्हाय. बाळंतिनीचा इटाळ मचव्याला चालत न्हाय."

कबूल केले. शिकवायला जागा हवी होती, बाळंतपणाला नव्हे.

६ मार्च

आज बऱ्याच जमल्या. मोहल्ल्यातल्या खतीजाबी पुढे, नवरा जहाजावर असतो. महारवाड्यातली सगुणा खांबापाशी उभी. सातवा संपत आलेला. तिला आत बस म्हणावे की नको, याचा मी विचार करत होते. खतीजाबी म्हणाल्या, "अगे ये की. हितं दारच नाय, कोण कोणाला आडवणार?" सगुणा बसली. थोडी दूर, पण छपराखाली.

विचार करता कारण सापडते. हे कोणाचे घर नाही. चूल नाही, देव नाही, पाण्याचा माठ नाही. म्हणजे बाटण्यासारखे काही नाही. मचवा सोडून.

कात्री आणि दोरा उकळून दाखवला, खोपीबाहेर तीन दगडांवर. हिराबाई वाकून पाहत होती. "शिजली का गो? मीठ टाकू?" सगळ्या हसल्या. कमळसुद्धा.

२७ मार्च

बैठक माझी राहिलेली नाही. मी बोलते थोडे, त्या बोलतात फार. आज विहिरीवरून. सगुणाकडे पाणी खाडीजवळच्या डबक्यातले. खतीजाबी: "आमच्या वाडीतला राट सकाळी चालतो. पाटाचं पाणी भरून ने, माझी सासू झोपलेली असते." हिराबाई: "आनि उठली मंग?" "मंग तू येऊन भांड तिच्याशी, तुझा आवाज मोठा."

असे बोलणे दवाखान्यात कधी ऐकले नाही. देवळात ऐकू येणारच नाही. अशी एक जागा प्रत्येक गावात असती तर

(पुढे लिहिले होते, खोडले. आधी एक वर्ष टिकू दे.)

११ एप्रिल

दवाखान्याच्या कमिटीचे एक गृहस्थ आले. खोप पाहून म्हणाले, असे उघड्यावर बरे दिसत नाही. देवळाच्या आवारात खोली बांधून देतो, देणगीदाराचे नाव दगडावर घालू. मी विचारले, तिथे खतीजाबी आणि सगुणा कशा येतील? म्हणाले, "त्यांची सोय नंतर पाहू." नको म्हणून कळवले. डॉ. नाराज.

२४ एप्रिल

सगुणा गेली.

क्रमाने लिहिते. बैठकीला चालत आली. येतानाच कळा होत्या, बोलली नाही. बसल्यावर पाणी फुटले. तपासले तर पाय आधी. डॉ. अलिबागला. बैलगाडीवाल्याने तिला घ्यायला नकार दिला. महारवाडा दूर, वाट वाळूची. हिराबाई माझ्याकडे बघत होती. "नर्सबाय, हितं नको. बोलला होता तुमी."

हलवली असती तर वाटेत मूल अडकले असते. तिथेच केले. मुलगी, जिवंत. वार पडल्यावर रक्त थांबेना. अर्गटचे औषध दिले, गर्भाशय दाबून धरला. खतीजाबींनी डोके मांडीवर घेतले होते. हिराबाई खोपीबाहेर उभी होती, मग आत आली आणि पाय धरले.

दुपार कलायच्या आत संपले. वाळूने सगळे शोषून घेतले.

२५ एप्रिल

घरी केले असते तरी रक्त गेलेच असते. तिथे केले म्हणून ती मेली, असे नाही. हे कोळवाड्यात कोणाला सांगू? त्यांचा प्रश्न वेगळाच आहे.

८ मे

दोन बैठका, कोणी नाही. खतीजाबींना सासूने बंद केले. सगुणाची मुलगी आजीपाशी, शेळीच्या दुधावर. वजन वाढत नाही. महारवाड्यात मला कोणी बोल लावला नाही. पाणी विचारले, मी प्यायले.

१९ मे

धर्मा तांडेल परत. मचवा खाडीत नांगरून ठेवला आहे, खोपीत घेत नाही. कोळवाड्याची पंचायत बसली. खोप मोडायची, झाप जाळायचे, मचव्यासाठी दुसरीकडे नवी बांधायची. खर्च हिराबाईच्या माथी.

मला पाहून तांडेल म्हणाला, "तुमी शिकल्याल्या. तुमचा सबूद येक आनि करनं येक." खरे आहे.

२ जून

समुद्र बदलायला लागला. नवी खोप अर्धी उभी. मोडायचे मजूर उद्या.

कमळचे दिवस भरले. हिराबाईकडे गेले. मागची काळोखी खोली सारवून ठेवलेली, दोन्ही मुले तिथेच जन्मली. कोपऱ्यात कोयता. मी कात्रीचे बोलले. हिराबाई म्हणाली, "खोलीन तुमाला तो येऊ देनार न्हाय. सासरा हाय तिचा." मग: "तुमी बोलताय त्यात खोटं न्हाय, म्या तुमचे हात बघितलेत." कमळ भिंतीकडे तोंड करून.

३ जून

सकाळी निरोप आला. घराकडे नाही, खोपीकडे या.

कमळ आत, चटईवर. हिराबाई शेजारी बसलेली, पदर खोचून. खतीजाबी खांबापाशी, सासूला काय सांगून आल्या ते विचारले नाही. बाहेर मजूर आणि तांडेल.

"भायेर काढ तिला," तांडेल हिराबाईला म्हणाला.

"कशाला? बाटलीय म्हनतंस ना ही खोप? मंग मचव्याच्या कामाची न्हाय. माजी सून हितंच बाळंत व्हईल."

"लोकं काय बोलतील?"

"दोन पोरं गेली तवा काय बोललं लोकं?"

एक मजूर हसला, लगेच थांबला.

तपासले. डोके खाली, ठोके चांगले. कळा लांब आहेत, वेळ लागेल. हे वाट पाहताना लिहिते आहे. कात्री, दोरा, कापूस तयार. दोन झाप आधीच निघालेत, तिथून ऊन कमळच्या तोंडावर येते. खतीजाबींनी ओढणी धरली आहे. शिडी खोपीला लावलेली आहे. तांडेलाने मजुरांना चढा म्हटलेले नाही. जा असेही म्हटलेले नाही.