बाबांना कसं विचारायचं

ता. ४ मार्च

चि. बंड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सर्वेक्षण नीट कसं करावं हे अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता डोक्याचा भुगा झालाय. काल एका साहेबांनी सरावासाठी प्रश्न काढला : ‘आमची सेवा तुम्हाला आवडतेच ना?’ मी म्हटलं, ज्याला आवडत नाही त्याने काय सांगायचं? तर म्हणे, तसं कोणी सांगतच नाही. आता बोला.

आणि तू त्यांचाच सख्खा भाऊ. बाबा जिन्यात पडले काय, तू त्यांना ‘ताईकडे मजेत राहाल ना?’ विचारलंस काय, आणि ते हो म्हणाले म्हणून लगेच त्यांच्या घराला गिऱ्हाईकही शोधलंस. अरे, तोंडात उत्तर कोंबून प्रश्न विचारतात का? सरळ विचार : माझ्याकडे राहायचं की तुझ्याकडे? मग गप्प बस. ते तुला जमत नाही, तरी बस.

वहिनीला सांग, तिची कीव येते.
तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाई, तुझ्या हुकमाप्रमाणे विचारलं. सकाळी तुझं नाव आधी घेतलं, संध्याकाळी माझं, उगाच तुझी बोलणी नकोत. मग दातांखाली जीभ धरून बसलो. बाबा किती तरी वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, तुम्ही ठरवाल तसं. हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं? रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येतंय, त्याला काय सांगू? तिकडून धडे पाठवायला काय जातं तुझं!

लोभ आहे, पण आज जरा कमी.
तुझा,
बंड्या

ता. १६ मार्च

चि. ताईस,
अ. आशीर्वाद.

बंड्याने वैतागून तुझं पत्र माझ्याच हातात दिलं. तू शिकवतेस छान. पण पोरी, तुझं घर की त्याचं घर, एवढंच विचारलंत. मी ज्या घरात राहतो त्याचं नावच नाही त्यात. तुमची आई गेली तरी मला इथेच करमतं. राग आला मला तुम्हा दोघांचा. दोघंही न्यायला तयार आहात, याचं बरंही वाटलं.

जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायला सुतार उद्या येतोय. गिऱ्हाईक आलं होतं, चहा पाजून परत पाठवलं.

तुझ्या साहेबांना निरोप दे, पर्यायांत शेवटी ‘यापैकी नाही’ ठेवत जा. मी तिथे राहतो.

लोभ ठेवा, आणि तो दाखवायला इकडे या.
तुझे,
बाबा