पंख्याची खरखर

अर्नाळा, मंगळवार, ऑक्टोबर २००७. दिवेलागणीनंतर.

आज सोलरच्या इन्व्हर्टरमधला, लाईट गेली की फिरणारा छोटा पंखा उघडून साफ केला. खाऱ्या वाऱ्यानं पात्यांवर चिकट धूळ बसली होती. ती पुसली, तेलाचा थेंब सोडला, सैल स्क्रू आवळला. खरखर पार गेली. कोण आनंद झाला मला!

मग रोजच्यासारखी लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवा लागला, पंखा आवाज न करता फिरू लागला आणि कॉटवर डुलकी घेत असलेले बाबा दचकून उठले. "इंजिन कोनी बंद केलं गो?"

"बाबा, बोट विकली ना आपण."

"मना ठाव हाय," म्हणाले आणि आढ्याकडे बघत राहिले.

म्हणजे इतके दिवस त्या खरखरीवर झोपत होते? आणि मी तिला शिव्या घालत होते.

तोच स्क्रू पुन्हा थोडा सैल केला. खरखर सुरू. पंखा नीट फिरतोय, हवा येतेय, हात धरून पाहिलं. बाबा घोरायला लागले. भिंतीला टेकून लिहितेय तर खोलीच किनाऱ्यापासून सुटल्यासारखी वाटतेय...

आत्ताच लाईट आली. पंखा थांबला, बाबांनी कूस बदलली. मी उठून गुपचूप मेन स्विच पाडून आले.