मेंदूतल्या नव्या कारागिरांची शिकवणी

ती. ताईस,

धाकट्याचा उजव्या हाताने नमस्कार. (हात कपाळापर्यंत पोचला नाही, हनुवटीशी थांबला. उरलेला तू समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच? पत्र मी सांगतोय आणि लिहितेय तुझी भावजय, तेव्हा कंसात काही भलतंसलतं आलं तर ते माझं नव्हे. (भलतंसलतं सगळं कंसाबाहेर आहे, वन्सं. – भावजय)

ताई, तुझा भाऊ आता साधा शिंपी राहिला नाही. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात असा लुळा पडला की सुई धरायचं सोडाच, नाकावरची माशी हाकलायलाही बायको लागायची. गिऱ्हाइकं दारात येऊन हळहळायची आणि कापड घेऊन समोरच्या शिंप्याकडे जायची. त्याचंही काही नाही गं, पण तुझ्या लेकीला मी शब्द दिला होता, वकील झालीस की पहिला काळा कोट मामाच्या हातचा. तो आठवला की रडू यायचं. अशात मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झटक्यानंतर मेंदू सावरावा म्हणून मूळपेशींचा प्रयोग चाललाय, येता का? म्हणजे ताज्या पेशी सलाइनमधून शिरेत सोडायच्या. अर्ध्या लोकांना खऱ्या पेशी, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे प्रयोग संपेपर्यंत ना आपल्याला ठाऊक, ना त्यांना. गुण येईलच असं नाही, हेही बजावलं. "मला माहीत नाही" असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. डाव्या हाताने सही ठोकून दिली.

आत काय आहे ते दिसू नये म्हणून सलाइनच्या पिशवीवर काळी कापडी खोळ होती. तिची शिलाई इतकी गचाळ की मला बघवेना. शेवटी नर्सबाईंना म्हटलं, ही काढा, नीट शिवून देतो. त्यांना वाटलं, म्हातारा आत डोकावायला बघतोय. मग अख्खा वेळ त्या माझ्या आणि खोळीच्या मधे पहारा देत उभ्या राहिल्या. (खोळ ओढून झाली होती, डाव्या हाताने. – भावजय)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या पेशी स्वतः काम करतील असं नाही, जुन्यांना सावरायला मदत करतील असा अंदाज आहे. म्हणजे मदतनीसच की! मी आयुष्यभर दुकानात नवे कारागीर तयार केले. आपला नियम तुला ठाऊक आहे, नव्या माणसाला ना कात्री, ना मशीन, आधी चिंधीवर काजं. मग काय, रोज न्याहारी झाली की सुई-दोरा घेऊन बसायचो आणि मेंदूतल्या मंडळींना मोठ्याने शिकवायचो. दोरा ओढा, अरे ओढा म्हणजे हिसडा नको! चुकलं की स्वतःच्याच डोक्यात टपली. शेजारीण येऊन तुझ्या भावजयीला विचारून गेली, यांना पुन्हा झटका आला का म्हणून. पण शिकली गं मंडळी! तपासणीला व्यायामाच्या बाईंनी वाटीतले मणी उचलायला सांगितले. म्हटलं, मणी कसले उचलायचे, तुमच्या ॲप्रनचं बटण लोंबतंय ते लावतो. आणि लावलं! एवढंच झालं की ॲप्रनबरोबर आतल्या सदऱ्यालाही लागलं. बाई दिवसभर अख्ख्या वॉर्डात ते मिरवत होत्या. (ॲप्रन काढता येत नव्हता म्हणून. – भावजय)

आता मी गल्लीतून मान ताठ ठेवून चालतो. समोरच्या शिंप्याला ऐकवलंसुद्धा, तुझ्याकडे दोन कारागीर, माझ्या डोक्यात लाखो, आणि एकही पगार मागत नाही.

तुझा धाकटा, नव्या कारागिरांसह

ता.क. – पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, तेवढ्यात प्रयोग संपला. मला मिठाचं पाणी मिळालं होतं. नुसतं पाणी, ताई! घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. इतके महिने मी शिकवत कुणाला होतो? पण सकाळी उठलो तो छाती फुगवूनच. अगं, म्हणजे ती काजं घरच्याच जुन्या मंडळींनी केली, बाहेरचा एकही माणूस न लावता! आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही पाणीवाले नसता, तर पेशींचं खरं-खोटं आम्हाला कळलं कसं असतं? घ्या! मेंदूच्या दुरुस्तीचं शास्त्रही तुझ्या भावावाचून अडतंय.

ता.क. २ – आता खरं काम. दाजी पोरीला वकिलीचा तयार कोट आणणार आहेत, असं कानावर आलंय. मला वाईट वाटू नये म्हणून तू बोलली नाहीस, तेही कळलं. ते काही चालायचं नाही. पोरीला मापं द्यायला पाठव.

ता.क. ३ – वन्सं, हे मी माझ्या मनाने लिहितेय, ते बाहेर गेलेत. सरावाला त्यांनी जुन्या चादरीचा कोट शिवलाय. एक बाही लांब, एक आखूड. तोच घालून भाजी आणायला गेलेत. पाठवाच पोरीला. फक्त आरशासमोर हसू नको म्हणावं.

ता.क. ४ – ताई, हे माझ्या उजव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं वाटलं तर कागद तिरपा धर. हिने वर काय लिहिलंय ते वाचलं मी. कापड काळं आहे, दोराही काळाच घेईन. टाका वाकडा गेला तरी न्यायाधीशांना दिसणार नाही.