चूल पेटती आढळल्यास

४ जानेवारी, शनिवार

खोली ठरली! बिरवाडीत, वरच्या मजल्यावर. एक खिडकी, एक बल्ब, टेबलापुरती जागा. एक फेब्रुवारीपासून. आजूबाजूला कंपनीतले कामगार राहतात, पण ते शिफ्टला गेले की एकदम शांतता असते, असं घरमालक म्हणाले. शिफ्टवरून आले की काय असतं, ते विचारायचं राहिलं.

आईला सांगायचं आहे. आज नाही सांगितलं.

५ जानेवारी

आजही नाही. वाडीत अकरा घरं, त्यांतली आठ कुलपात. उरलेली तीन – आमचं, मोरूदादाचं आणि ठकूबाईचं. ठकूबाईला तिचा मुलगा मे महिन्यात डोंबिवलीला नेणार. मोरूदादा दुपारनंतर माणसात नसतो. मी गेलो की आई बोलणार कोणाशी? कोंबड्यांशी.

पण इथे कादंबरी होत नाही. पहाटे पोलादपूरला उतरा, एसटी पकडा, महाडला उबेदभाईंच्या दुकानात दिवसभर झेरॉक्स आणि टायपिंग, पुन्हा एसटी, पुन्हा चढण. अवकाशयान सहा महिने जमिनीपासून चार फुटांवर लटकलं आहे!

७ जानेवारी

दुसरं प्रकरण झालं. सन २०९१. मंगळावरच्या वसाहतीला पृथ्वीवर यान उतरवायला सपाट जागा हवी असते. म्हणून आमची आंबेमाळ वाडी संपादित होते. नोटीस दोन पानी लिहिली. तीन वर्षं दुकानात लोकांच्या नोटिसा टाइप करतो आहे, भाषा हातात बसली आहे. गट नंबर खरे टाकले. नावं खरी टाकली. शास्त्रीय लेखनात अचूकपणा हवा.

उबेदभाईंनी वाचून विचारलं, "किशोर, २०९१ मध्ये तुमचा मोरू असेल का जिवंत?"

मी म्हटलं, सातबारावर अजून माझे पणजोबा आहेत. मग म्हणाले, मंगळावरचे अधिकारी मराठी कसे बोलतात? मी म्हटलं, बोलत नाहीत, फक्त कळवतात.

घरी आईला वाचून दाखवली. ती नाचणी पाखडत होती. ऐकते की नाही कळत नव्हतं. मध्येच सूप थांबलं.

"ती चुलीची ओळ परत वाच रे."

वाचली – पंचनाम्याच्या दिवशी ज्या घरात चूल पेटती आढळणार नाही, ते घर निर्जन समजून यादीतून वगळण्यात येईल. पंचनाम्याची तारीख यथावकाश कळविण्यात येईल.

"यथावकाश म्हंजे कधी?"

म्हटलं, दहा दिवसांनी, नाहीतर दहा वर्षांनी. दुकानात येणाऱ्या नोटिसांचा तसाच अनुभव आहे. तिने मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागली. वाङ्मयाची आवड नाही तिला.

१० जानेवारी

तीन प्रकरणं पुण्याच्या प्रकाशकांना पाठवली. ऱ्हस्वदीर्घ चार वेळा तपासलं. यानाच्या वजनाचं गणित मात्र दोन वेळाच. अकरावी सायन्स अर्धी सोडली, ती नेमकी गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर.

नोटिशीची एक प्रत फिकी आली होती. पाठ कोरी होती म्हणून घरी आणली.

१२ जानेवारी, रविवार

खोलीसाठी एक ताट, एक पातेलं, वाटी आणि चादर गोणीत घालून खाटेखाली सरकवली. आई पाणी आणायला गेली होती.

नोटिशीची फिकी प्रत सापडत नाही. कालच खिडकीत ठेवली होती. वारा!

१६ जानेवारी

दुकानात सुनीलकाकांचा फोन. हे आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी, राहणार कांदिवली. वाडीत देवळाचा पत्रा बदलायचा तरी ह्यांच्या मीटिंगमध्ये ठरतो. म्हणाले, नोटीस आली आणि तू तोंड उघडलं नाहीस? मोरूदादाने ग्रुपवर फोटो टाकला होता! म्हणजे वाऱ्याने कागद त्याच्याच अंगणात नेला.

मी सांगितलं की ही माझी कादंबरी आहे, काल्पनिक आहे.

"अरे, लँग्वेज बघ ना," ते म्हणाले. "अशी लँग्वेज घरी बसून कोणी लिहितो का?"

एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. मिनिटभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग मी विचारलं, वर्ष २०९१ आहे त्याचं काय? तर म्हणे टायपिंग मिस्टेक. मी! वर्ष चुकणार!

मंगळाचंही विचारलं, कारण पुनर्वसन तिथे आहे, घरटी दोन गुंठे. म्हणाले, कुठे देतात ते नंतर बघू, आधी यादीत नाव लागू दे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून पाच कुलपं उघडली. एक दगडाने, कारण किल्ली विरारला राहिली होती. दोन टेम्पो, एक जीप, प्रत्येकात गॅसची शेगडी. पण नोटिशीत चूल लिहिली आहे, त्यामुळे शेगड्या पडवीत आणि बायका चुलीपुढे. सगळ्यांचे डोळे लाल. सुनीलकाकांच्या सारिकाकाकूने दोन काड्यापेट्या संपवल्या, तरी धूरच. शेवटी आई आमच्या चुलीतले निखारे पळीत घेऊन गेली. मग घराघरात तेच. दिवसभर आई निखारे वाटत आणि सुनांना शिव्या घालत फिरत होती. "गो बाय, फुंकतेस की हवा खातेस?" एवढं बोलताना मी तिला किती वर्षांनी ऐकलं.

मला फक्त घाम.

२० जानेवारी

कलम ४२० वाचलं. उबेदभाई म्हणतात, ते आता बदललं, नवा नंबर आला. नवाही वाचला.

२२ जानेवारी

आठही घरं उघडी. एका घरात दोन भाऊ – लहानपणापासून अबोला. नोटीस म्हणते चूल, भाऊ म्हणत नाही. म्हणून मधल्या खोलीत साडी बांधली आणि एका घरात दोन चुली. आता बाराव्या चुलीला यादीत स्वतंत्र नंबर द्यावा, असा अर्ज धाकट्याने माझ्याचकडून लिहून घेतला. मी म्हटलं, कोणाच्या नावे लिहू? म्हणाला, ज्याने नोटीस काढली त्याच्या नावे.

लिहिला. स्वतःलाच. मुद्देसूद झाला आहे.

२३ जानेवारी

पुण्याहून उत्तर! प्रकाशक लिहितात की मंगळाचा भाग कच्चा आहे. यान एवढ्या वेगाने आलं तर महाडसुद्धा राहणार नाही. मात्र ग्रामीण मानसशास्त्राची जाण पक्की. नोटीस येताच माणसं भराभर वाडी सोडून जातात, शेवटी एक म्हातारी उरते, हे अगदी वास्तव उतरलं आहे. त्याला हात लावू नये.

पत्र वाचत वर चढलो, तर वाटेत सामान घेऊन येणारा आणखी एक टेम्पो. बाजूला होऊन त्याला वाट द्यावी लागली.

२६ जानेवारी, रविवार

आज सांगून टाकलं. काल दुकानात रीतसर 'जाहीर खुलासा' टाइप केला, वीस प्रती काढल्या. झेंडावंदनाहून सगळे मारुतीच्या देवळात बसले होते, तिथे उभं राहून वाचला. नोटीस खोटी आहे. ती मी लिहिली. कोणाचंही संपादन होणार नाही. कामधंदा सोडून बसू नये. क्षमस्व.

संपल्यावर वाटलं, आता मार.

सुनीलकाकांनी खुलासा हातात घेतला, उजेडात धरला, खालीवर वाचला आणि म्हणाले, "सेम टाइप. सेम लँग्वेज. एकाच ऑफिसातून निघालंय हे."

मग सगळे एकदम. गर्दी कमी व्हावी म्हणून सोडलेली पुडी. किशोर महाडला बसतो, त्याच्यावर वरून दाब आला असणार. मोरूदादाने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, घाबरू नको, नाव नाय सांगायचं कोनाचं. ठराव झाला – प्रत्येक घरातलं एक तरी माणूस पंचनामा होईपर्यंत इथेच राहील. म्हाताऱ्यांना मुंबईला न्यायचं नाही. ठकूबाईचं डोंबिवली रद्द. मुलगाच सुनेला इथे ठेवून जाणार. ठकूबाई खुशीत, सून नाही.

आई मागच्या रांगेत बसली होती. डोक्यावर पदर, चेहरा कोरा. वीसच्या वीस खुलासे तिनेच गोळा केले. म्हणाली, चूल पेटवायला बरे.

२९ जानेवारी

खोलीचा विचार सोडावा का? इथे आग मी लावली, अकरा घरांत अक्षरशः, आणि आता पळून जायचं? पण टेबल लावायला जागा म्हणून इथे काही उरलेलं नाही. आमच्या ओटीवर रोज दुपारी आठ बायका. भाकऱ्या, भांडणं, कोणाच्या सुनेला तांदूळ निवडता येत नाही. आई मध्ये बसून निकाल देते.

गोणी तपासली. ताट, पातेलं, वाटी, चादर. शिवाय मसाल्याची बरणी आणि सुकटीची पिशवी. मी ठेवल्याचं आठवत नाही. डोकं ठिकाणावर नाही हल्ली.

३१ जानेवारी, शुक्रवार

मोरूदादाला सकाळीच गाठलं. म्हटलं, तो कागद वाऱ्याने तुझ्या अंगणात नेमका कसा पडला? तो हसायलाच लागला. "वारा कुठला? तुझ्या आयशीनं आनून दिलान. फोटू काढ नि मुंबैला धाड म्हनाली."

घरी आलो. आई चुलीपुढे. मी दारात उभाच. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"उद्या जातोस ना बिरवाडीला? जा. मानसं आनून ठेवलीत मी."

खोलीचं मी तिला अजून सांगितलेलंच नाही.