तिसऱ्या धुण्याचं पाणी

मंगळवार, ११ मार्च २०१४
सुचित्राला पाचलाच घरी पाठवलं. "तू नीघ, तिसरं धुणं मी करते." सेन्सरच्या पट्टीवर रंग पक्का बसला, की उरलेला सुटा रंग तीन पाण्यांनी काढायचा. शेवटचं पाणी पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचं. लॅबमध्ये आल्या आल्या तिला हे मीच शिकवलं होतं! आणि मीच तिसरं पाणी टाळलं. लेकीच्या, जाईच्या शाळेत मीटिंग होती, त्यासाठी ट्रेननं पार बिशान गाठायचं होतं. दुसरं पाणी तसं बरं होतं.

बुधवार, १२ मार्च
सुचित्रानं आल्या आल्या विचारलं, "ताई, पाणी स्वच्छ आलं ना?"
"हो गं."

शुक्रवार, १४ मार्च
मत्स्यपालनवाल्यांसमोर डेमो. पाण्याचा पीएच बदलला की पट्टी रंग बदलते. टाकीत सोडली, छान निळी झाली — आणि पाठोपाठ पाणीही निळं! पाहुणे हसले. आमचे बॉस गोह हसले नाहीत. "हू डिड द वॉशिंग?"
तोंडातून निघून गेलं — सुचित्रा. निघून कसलं गेलं! मी म्हणाले. ती शेजारीच उभी होती.

शनिवार, १५ मार्च
जेवण गेलं नाही. जाई म्हणते, "आई, यू सिक आह?"

गुरुवार, २० मार्च
सुचित्राला पत्र मिळालं. तिचा या देशात काम करायचा पास वाढवणार नाहीत. दोन वर्षांत एक दिवस उशिरा आली नाही पोरगी, आता नाशिकला परत. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "ताई, मला एकटीला तरी खरं सांगायचंत."
मी बाटल्यांना लेबलं लावत बसले. लाज वाटते. स्वतःची किळस येते.

गुरुवार, २७ मार्च
ती काल गेली. तिची कामाची वही माझ्याकडे आली. अकरा तारखेचं पान — तिसरं धुणं विनीताताई करणार. खाली, बारा तारीख — विनीताताई म्हणाल्या, पाणी स्वच्छ.
हे तिच्या हातात होतं! दाखवलं का नाही?
ठरलं. उद्या वही गोहसमोर ठेवणार. माझा पास गेला तरी चालेल, तिला परत बोलवा म्हणणार.

शुक्रवार, २८ मार्च
ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी वर पाहिलंही नाही. "आय नो, लाह. शी शोड मी." पानाच्या तळाशी बोट ठेवलं. काल रडण्याच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.
त्यांची सही. सतरा मार्च.
सुचित्राचं पत्र वीसचं.