एकदाच फिरलेला मिक्सर

अण्णा,

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षे झाली आणि काल दुपारपासून मी तुमच्यावर रागावलेली आहे. निमित्त माझ्या सुनेचे झाले, पण तिचा त्यात काही दोष नाही. सांगलीतल्या तिच्या महिला मंडळाने जुन्या विजेच्या स्वयंपाकी उपकरणांचे प्रदर्शन मांडायचे ठरवले आहे. उद्या सकाळी ते उघडेल. घराघरांतून वस्तू आल्या आहेत. तारेच्या वेटोळ्यांची शेगडी, दोन्ही बाजूंनी फळ्या उघडणारा टोस्टर, झाकणाला काचेची खिडकी असलेली ॲल्युमिनियमची गोल भट्टी, सुती वेष्टणाच्या वायरची किटली. मांडामांड पाहायला मी काल गेले होते. त्या गोल भट्टीपुढे मीही रेंगाळले, हे कबूल करते. माझ्या सासरी तशी एक होती. तिच्या काचेतून नानकटाई फुगताना दिसे आणि सासूबाई आम्हा सगळ्यांना रांगेने एकेकदा डोकावू देत. त्या वस्तूंना वजन होते, त्यांची बटणे टक्‌ आवाज करून बसत, बिघडल्या तर उघडून दुरुस्त होत. त्यांच्या आठवणीने माणसे हळवी होतात, ते मला समजते.

राग आला तो पुढल्या टेबलाशी. तिथे आईचा मिक्सर ठेवला होता. दुधी रंगाचा, तीन भांड्यांचा, पुढे काळे गोल बटण. माझ्या माळ्यावरच्या खोक्यातून सुनेने तो काढून नेला होता. तासगावच्या दोन बायका त्याच्याभोवती उभ्या होत्या. एकीने भांड्याच्या तळाशी बोट फिरवले आणि ती मला म्हणाली, "आवं आज्जी, ह्यो तर आत्ता दुकानातनं आणल्यागत हाय. पात्याला वरखडा न्हाई. लय जपलाय बगा तुमच्या आईनं." दुसरी हसली. "न्हाईतर आमचा. सुरू झाला की गोठ्यातली म्हस दूध चोरायची. सासूबाई म्हणायच्या, आदी धार काडा, मग चटणी करा." दोघी हसत पुढच्या टेबलाकडे गेल्या. सून जवळ आली आणि म्हणाली, "आई, सगळ्यात सुंदर हाच दिसतोय. शेजारी ठेवायला चार ओळी लिहून द्या ना. आजींची एखादी गोड आठवण." तिने एक कोरे कार्ड माझ्या हातात दिले. ते आता माझ्यापुढे आहे आणि त्यावर लिहिण्याऐवजी मी तुम्हाला लिहीत बसले आहे.

जपलेला नाही, अण्णा. वापरू न दिलेला आहे. ह्या दोहोंतला फरक त्या बायकांना कळण्याचे कारण नव्हते, तुम्हाला मात्र कळतो.

चैत्रातला तो दिवस मला स्वच्छ दिसतो आहे. साताऱ्याचे आपले दोन खोल्यांचे घर, स्वयंपाकघरात एकच खिडकी, तिच्यातून अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा. संध्याकाळी चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे. साठ बायका यायच्या आहेत. आई पहाटेपासून सोवळे नेसून पाट्याशी गुडघे टेकून बसली आहे. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीची परात डावीकडे, वाटलेल्या डाळीचे पातेले उजवीकडे, आणि डावीकडची परात काही केल्या उतरत नाही. मी चौदा वर्षांची, दारात बसून कैऱ्या किसते आहे. तेवढ्यात मामा आला. फौजेत कारकून होता तो, सुटीवर येताना कँटीनमधून खोके घेऊन आला होता. "ताई, ऊठ," तो म्हणाला. "तुझ्या हाताला आजपासून पेन्शन."

ती उठली नाही. सोवळ्यात होती, शिवणार कशी? मामाने दारातल्या प्लगला वायर लावली, भांड्यात पाणी घालून आधी ते फिरवून दाखवले, मग मूठभर डाळ घातली. घर हादरले. आई दचकली आणि मग हसली, अण्णा. तोंडाला पदर न लावता हसली. एक श्लोक म्हणून व्हावा इतक्या अवधीत डाळ वाटून झाली. मामाने भांडे तिच्यासमोर धरले. सोवळ्याचे तिला भान राहिले नाही. तिने दोन बोटांत डाळ घेतली, चोळून पाहिली, आणि म्हणाली, "लोण्यासारखी आहे रे."

तुम्ही देवळातून आलात ते ह्याच वेळी. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधीच आवाज चढवत नसा, हे सगळे गाव कौतुकाने सांगे. तुम्ही मिक्सरचे झाकण उचललेत, उलटे केलेत, आतले काळे कडे नखाने बाहेर ओढलेत आणि विचारलेत, "हे काय आहे?"

"रबर आहे, दाजी. पाणी गळू नये म्हणून," मामा म्हणाला.

"रबर म्हणजे कमावलेले चामडेच. नळाच्या आतल्या चकतीला असते तेच हे. चामड्याला लागलेले अन्न गौरीपुढे ठेवायचे?"

"दाजी, आमच्या पलटणीतले पंडितजी ह्याच्यात वाटलेली चटणी खातात."

"पलटणीत खात असतील. हे घर आहे."

ती मूठभर डाळ गाईला गेली. आईला पुन्हा आंघोळ करावी लागली. धुऊन वाळलेले दुसरे सोवळे नव्हते, म्हणून तिने ओले लुगडे पिळून नेसले आणि ती पुन्हा पाट्याशी बसली. संध्याकाळी साठ बायकांनी आंब्याची डाळ वाखाणली. तुम्ही ओसरीवर बसून पन्हे प्यायलात.

मी तुमच्याकडूनच संस्कृत शिकले. चाळीस वर्षे ते शिकवले, आजही देवळात चातुर्मासात प्रवचन करते. त्या अधिकाराने विचारते: कोणत्या शास्त्रात होते हे? द्रव्यशुद्धीचे प्रकरण मी एकदा नव्हे, अनेकदा वाचले आहे. वाचताना दर वेळी ते काळे कडे माझ्या डोळ्यांपुढे असे. धातू राखेने आणि आंबटाने शुद्ध होतो, वस्त्र पाण्याने, धान्य प्रोक्षणाने. कारागिराच्या हाताला विटाळ नाही, असे शास्त्रकार मोकळ्या मनाने सांगतात. त्या थोर माणसांनी शुद्धीचे इतके मार्ग सांगितले ते माणसाचे जगणे चालावे म्हणून. रबर हा तर झाडाचा चीक, डिंकाच्या जातीचा. डिंकाचे लाडू आपल्या घरी दर थंडीत देवापुढे ठेवले जात. तुम्हाला ठाऊक नव्हते हा अपराध नव्हे. ठाऊक नसताना तुम्ही शास्त्राचे नाव घेतलेत, आणि ज्या माणसाला उलट विचारण्याची सोय नव्हती त्या माणसासमोर घेतलेत, हा अपराध आहे. वीज तुम्हाला वर्ज्य नव्हती. देव्हाऱ्यावर विजेचा दिवा होता. देवळात तुमच्या पुराणाला ध्वनिक्षेपक होता, आणि तो खरखरला तर तुम्ही निरूपण थांबवून तो नीट करून घेत असा. तुमच्या गळ्याला यंत्राचे साहाय्य चालत होते. आईच्या मनगटाला चालत नव्हते.

आणि खंडेनवमी. त्याचा मला सर्वांत अधिक संताप येतो. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होई. विळी, अडकित्ता, तुमची लेखणी, माझी कंपासपेटी. आई माळ्यावरून ते खोके उतरवी, मिक्सर पुसून पाटावर मांडी, त्याला हळदकुंकू वाही, झेंडूचे फूल ठेवी. तुम्ही त्याच्यावर अक्षता टाकत असा. दुसऱ्या दिवशी तो परत माळ्यावर जाई. वीस वर्षे हे चालले. पूजेला तो पवित्र होता आणि डाळीला अपवित्र, ही विसंगती तुमच्यासारख्या विद्वानाला एकदाही खुपली नाही? काल मी त्या टेबलाशी वाकून पाहिले. काळ्या बटणाच्या खाचेत अजून हळद आहे. त्या तासगावच्या बाईला तीही दिसली होती. "देवागत मानायच्या जुन्या बायका," ती म्हणाली होती. तिचे खरेच होते. देवासारखाच ठेवला होता, हात न लावता.

माझे लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हा सासरी ओट्यावर मिक्सर होता, देव्हाऱ्यापासून दोन हातांवर. पहिल्याच सणाला सासूबाईंनी वाटण करायला सांगितले. मी भांडे लावून नुसती उभी राहिले. त्या म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? बटण दाब. चावत नाही तो." मी विचारले, "नैवेद्याचे आहे ना हे?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "मग? देवाला काय गाठी राहिलेलं वाटण आवडतं?" त्या बाईंना एक अक्षर संस्कृत येत नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा देवाला आनंदाने वाढले.

पुढच्या दिवाळीला मी साताऱ्याला आले. आईने उजवा हात पदराखाली धरला होता. मनगट मोसंब्याएवढे सुजलेले, त्यावर तिळाच्या तेलात भिजवलेली पट्टी. मी म्हटले, "आई, मी अण्णांशी बोलू?" ती म्हणाली, "आता कशाला गं? पाट्याची सवय झाली आहे." त्या 'आता'वर मी पुष्कळ विचार केला आहे. मनगटाने कोणी मरत नाही, हे मला कळते. ती तापाने गेली. पण शेवटच्या वर्षी तिला पळी उचलता येत नव्हती, आणि आचमनही ती डाव्या हाताने करी. तेव्हा तुम्ही तिला सांगितलेत की डाव्या हाताचे आचमन ग्राह्य नाही.

ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी तुम्हाला भेटायला आले. एसटीतून उतरून घरात शिरले तर ओट्यावर नवी विजेची किटली होती. शेजारी तारेची शेगडी, आणि शेगडीवर देवाच्या नैवेद्याचे दूध तापत होते. माझी नजर तुम्ही पाहिलीत. म्हणालात, "आपद्धर्म आहे, पोरी. एकट्या माणसाला स्टोव्ह पेटवणे होत नाही." तुम्ही संध्येला बसल्यावर मी किटली उलटी करून पाहिली. बुडाला काळी रबरी चकती होती. तुम्ही नऊ वर्षे त्या किटलीतला चहा प्यायलात आणि त्या शेगडीवरचे दूध देवाला दाखवलेत. त्या दुधाबद्दल माझी तक्रार नाही, देवाने ते घेतलेच असेल. आपद्धर्म म्हणजे संकटात शास्त्राने दाखवलेली दया. ती तुम्हाला तीन महिन्यांत सापडली. आईच्या संकटात ती शोधायला तुमच्याकडे वीस वर्षे होती.

हे सारे मी कार्डावर लिहिणार नाही. तीन वेळा मजकूर खोडून शेवटी एवढेच लिहिले: "हा मिक्सर माझ्या आईचा. तो एकदाच, मूठभर डाळीवर फिरला. वडिलांनी तो वापरू दिला नाही. आई पाट्यावर वाटत राहिली." सुनेने वाचले. ती म्हणाली, "आई, लोक आजोबांना नावं ठेवतील. चालेल?" मी म्हटले, "चालेल." ती खोलीबाहेर गेली, आणि तेव्हापासून ते कार्ड मला खोटे वाटू लागले आहे.

कारण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. ती तुम्हाला ठाऊक नाही. आईला आणि मला ठाऊक होती. तुम्ही झाकण खाली ठेवलेत, तेव्हा आई पाट्यावरून माझ्याकडे वळली. म्हणाली, "काय गं, परवा मोठ्याने धडा वाचत होतीस ना? त्यात रबराचं काय होतं?" तुम्हीही माझ्याकडे पाहिलेत. धडा मला पाठ होता. झाडाला खाच पाडतात, चीक गोळा करतात, त्याचे रबर होते. आईने तो स्वयंपाकघरातून शब्दन्‌शब्द ऐकला होता. तिला उत्तर माहीत होते. ते तिने सांगितलेले तुम्ही मानले नसते, म्हणून तिने ते माझ्या तोंडून मागितले. पुस्तकाचे नाव घेतले असते तर तुम्ही कदाचित थांबला असता. पुस्तकाला तुम्ही मान देत असा.

पण तुम्ही मला रोज पहाटे शब्दरूपे शिकवत होतात. मुलीला संस्कृत शिकवता म्हणून लोक हसत, तरी शिकवत होतात. तुम्हाला खोटे पाडले तर उद्यापासून पहाट बंद होईल, असे मला वाटले. मी कैरीकडे पाहत म्हणाले, "आठवत नाही."

आईने मान हलवली आणि वरवंटा उचलला. पुढे कधीही, एका शब्दानेही तिने मला ते विचारले नाही. आणि मी पुढे जे जे शिकले, ज्याच्या बळावर आज तुम्हाला जाब विचारते आहे, ते तिच्या त्या मनगटावर शिकले.

हे पत्र पाठवण्याची जागा नाही. असती तरी ते तुम्हाला पाठवावे की तिला, हे मला ठरवता आले नसते. सून मघाशी कार्ड मागून गेली. तिला देण्यापूर्वी मी त्यात 'वडिलांनी' ह्या शब्दापुढे दोन शब्द वाढवले आहेत: 'आणि मी'. व्याकरणाने वाक्याचे क्रियापद तेच चालते, पण 'आठवत नाही' म्हणणाऱ्या मला ते लागू पडत नाही; ते आता बदलायला हवे. ते तेवढे अजून बदललेले नाही.