डावीकडची सीट

१२ एप्रिल, शनिवार

गाडी आली! पांढरी, जपानहून आलेली. तिकडे कुणीतरी वापरून टाकलेली, पण आम्हाला नवीनच. दारावरचं जपानी स्टिकर काढायचं नाही असं मी बजावलंय. लोकांना कळायला नको, अस्सल आहे म्हणून?

ही वही डॉक्टरीणबाईंमुळे. म्हणाल्या, आजी, रक्तदाब चढला की कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका, लिहून काढा. मी मुळात शांत बाई, त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे. चारच इयत्ता झाल्यात, अक्षर मेंढीच्या लेंड्यांसारखं पडतं. पडू दे. वाचणार मीच.

गाडीला रक्त दाखवायचं होतं. नवी गाडी दारात आली की आमच्या कोचकोर गावात आधी मेंढा कापतात, मग किल्ली फिरवतात. माझ्या मुलाने, जिरगलने, सुरा धरला आणि डोळेच मिटून घेतले. चाळिशीचा बाप्या! मेंढा सुटला, अंगणभर पळाला आणि थेट गाडीच्या दारावर डोकं आपटलं. पहिला पोचा मेंढ्यानेच पाडला. मग मीच त्याच्यावर बसले. शेजाऱ्याने मान कापली, रक्ताची चिळकांडी माझ्या नव्या जाकिटावर. काय छान झालं सगळं! चारही चाकांना बोटांनी रक्त लावलं, बॉनेटवरही फासलं. जिरगल ओरडतोय, आपा (आईला आम्ही आपाच म्हणतो), रंग जाईल, रंग! म्हटलं, जीव जाण्यापेक्षा रंग गेलेला बरा.

टायर चाटायला आमचा कुत्रा आला, शेजाऱ्याचाही आला. अशी जुंपली म्हणता, आमच्याने त्याचा अर्धा कान तोडला. मी दोघांना काठीने सोलून काढलं. शुभशकुन आहे.

१३ एप्रिल

आज पहिल्यांदा बाजारात गेलो. या गाडीची एक गंमत आहे. स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याकडच्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो तिथे, म्हणजे डावीकडे पुढे, सीट रिकामी. घरातल्या मोठ्या माणसाची जागा असणार म्हणून मी बसले. सून बर्मेत मागे.

बाजाराच्या वळणावर पोलिसाने पाहिलं, गाडी चाललीय आणि चालवायच्या जागेवर एक म्हातारी दोन्ही हातांनी सूर्यफुलाच्या बिया सोलतेय. शिट्टी फुंकत पळत आला. म्हणे, लायसन दाखवा. खिडकीतून हात आत घातलान त्याने! मी चाबकाच्या मुठीने फटका दिला बोटांवर. (चाबूक नवऱ्याचा आहे, त्याचा घोडा गेला, तो गेला, चाबूक राहिला. बरोबर असला की बरं वाटतं.) मग पलीकडून जिरगल म्हणाला, साहेब, चालवतोय मी, ही माझी आई. पोलीस बोटं चोळत इतका हसला की टोपी पडली. घाबरला होता बिचारा.

बाजारभर सगळे मलाच सलाम करत होते. गाडी मीच चालवते असं सगळ्यांना वाटतं. एका परीने खरंच आहे ते.

ठराव: उद्यापासून कुणावर हात टाकायचा नाही.

२० एप्रिल

दोलोनचा घाट चढलो. नारीनला बर्मेतच्या माहेरी जायचं होतं. तेव्हा कळलं की माझ्यावाचून ही गाडी चालतच नाही. पुढे कोळशाचा ट्रक. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात आणि जिरगल बसलाय उजवीकडेच, त्याला ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. म्हणाला, आपा, तुमच्या बाजूने बघा, समोरून काही येतंय का? बघा म्हणजे मीच ठरवायचं, जायचं की थांबायचं. सगळ्यांचे जीव माझ्या जिभेवर! काय भारी वाटलं म्हणून सांगू.

म्हटलं, जा!

गेला. समोरून बस आली. नसती आली तर अगदी बरोबर होतं. जिरगलने गाडी खड्ड्यात घातली, बर्मेतचं नाक पुढच्या सीटवर आपटलं, रक्ताची धार. पण सीटवरचं प्लास्टिक काढू नका असं कोण म्हणत होतं? मीच. ओल्या फडक्याने पुसलं, डाग नाही. नव्या वस्तूंची जपणूक मला कुणी शिकवायला नको.

जिरगलने विचारलं, आपा, तुम्हाला लांबचं नीट दिसतं ना? दिसतं की. लांबचं दिसतं, जवळचंही दिसतं. मधलं जरा धुरकट असतं, ते सगळ्यांनाच असतं.

त्या बसच्या ड्रायव्हरने शिव्या दिल्या. मी त्याहून चांगल्या दिल्या.

३ मे

गाडीला सामान घेतलं. लाल रिबीन, वास येणारी बाटली, नजर लागू नये म्हणून शिंगाचा तुकडा, डॅशबोर्डवर घालायला मी लोकरी गालिचा शिवला. बर्मेत म्हणते, आपा, गालिच्याने हवेची भोकं बंद होतात. होऊ देत. शेजाऱ्यांच्या गाडीत गालिचा आहे, आमच्या गाडीत का नको?

जिरगल सकाळी आधी गाडी धुतो, मग त्याच्या दोन पोरांना. मी त्याला ओरडले नाही. शांत.

गाडी चालू केली की आतून एक जपानी बाई बोलते. रोज तेच. मी रोज तिला सांगते, खुशाल आहोत, तू कशी आहेस. आज मध्येच बोलली म्हणून तिच्यावर चाबूक उगारला. काचेवर जरासाच चरा पडला.

१० मे

विहीणबाई आल्यात. सैकाल. बर्मेतची आई. आठवडाभर राहणार म्हणे. तोंडात सोन्याचे दात, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल, बोलणं असं गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. जेवताना जिरगलने मेंढ्याचं डोकं तिच्यापुढे ठेवलं. ठेवू दे, पाहुणी आहे, मान तिचा. मी हाडं चोखली.

मग बर्मेत म्हणाली, आपा, उद्या बाजाराला माझ्या आईला पुढे बसू द्या ना, पाहुणी आहे.

डोकं घ्या म्हणावं. डोळे घ्या, कान घ्या. सीट नाही.

११ मे

सकाळी दूध काढून येते तर बया आधीच सीटवर, पट्टा लावून! म्हणाली, या विहीणबाई, मागे भरपूर जागा आहे.  मी दार उघडलं आणि तिला ओढलं. त्या पट्ट्याची तऱ्हा अशी की जितकं जोरात ओढावं तितका तो घट्ट बसतो. बाई निळी पडायला लागली, पण हसायची थांबेना. मी रुमाल धरला. तिने माझं बोट चावलं. सोन्याचे दात काय दणकट असतात! मी कोपर मारलं, त्यातला एक हलला. ती म्हणते, अगं म्हातारे, तुला डोळ्यांनी दिसत नाही, पोरांना मारशील! मी म्हटलं, आधी तुला मारते, पोरांचं मग बघू! जिरगल सोडवायला आला तर डोळ्यावर कोपर बसलं. कुणाचं ते ठाऊक नाही. माझंच असणार, तिच्यात इतका जोर नाही.

शेवटी बर्मेतने गाडी धुवायची बादली आमच्या दोघींवर उपडी केली. सून म्हणवते स्वतःला.

तडजोड झाली. जाताना मी पुढे, येताना ती. मी मोठ्या मनाने मान्य केलं. येताना ट्रक आला तर म्हणते, थांब जिरगलबेटा... थांब... अजून एक येतोय... आता जा. भित्री! तिच्या तालाने गेलो तर बाजार उठून जाईल.

ठराव: विहीणबाईंना हात लावायचा नाही. बोट सुजलंय.

१८ मे

सैकालला घरी सोडायला निघालो. जाताना मीच पुढे, ठरल्याप्रमाणे. घाटात पुन्हा ट्रक. जिरगलने विचारलं, आपा? समोर पिवळट काहीतरी होतं, मला वाटलं डोंगरावरचं वाळलेलं गवत. गवतच होतं म्हणा. पण समोरून येणाऱ्या ट्रकवर लादलेलं.

म्हटलं, जा!

जिरगलने शेवटच्या क्षणी वळवली म्हणून आम्ही ट्रकवर न आदळता गवतावर आदळलो. गवत सगळीकडे. पुढची काच कोळिष्टकासारखी चिरली, गाडी गोल फिरली आणि ओढ्यात तिरकी बसली. जिरगलचा पुढचा दात गेला. बर्मेतचा हात मोडला, कट्‌कन आवाज मी पुढे बसून ऐकला. सैकालच्या कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ. मला काहीही नाही. म्हणजे सीट चांगली आहे की नाही बघा.

बाहेर येते तर एक दाढीवाला बर्मेतला खांद्यावर टाकून पळतोय! आमच्याकडे बाईला असं उचलून नेतात ते लग्न लावायला. दोन मुलांच्या आईला! मी चाबूक काढला आणि सडासड ओढला त्याच्या पाठीवर, मानेवर, जिथे लागेल तिथे. काय तो हात चालला माझा, विशीतला! तो ओरडतोय, आजी, आजी, अहो दवाखान्यात नेतोय! गवताच्या ट्रकचा ड्रायव्हर होता. त्याने बर्मेतला खाली ठेवलं नाही, मार खात खात वर रस्त्यापर्यंत नेलं. चांगला माणूस. पण आधी सांगायला काय झालं होतं?

जिरगल माझ्याशी बोलला नाही. दात गेल्यावर बोलायला जड जात असेल.

२५ मे

अजून बोलत नाही. बर्मेतचा हात प्लास्टरमध्ये. सैकाल लेकीचं करायला राहिली आहे. पीठ तीच मळते, बोरसोक तीच तळते. मी मध्ये गेले की दोघी गप्प.

आज मी प्लास्टरखाली खाजवायला बर्मेतला विणायची सुई दिली. तिने घेतली, आपा म्हणाली नाही.

२९ मे

आनंदाची बातमी! जिरगल फोनवर बोलताना ऐकलं. स्टिअरिंग उजवीकडून काढून डावीकडे बसवायचं म्हणाला, राजधानीत एक कारागीर करतो म्हणे. डावीकडे! म्हणजे माझ्यापुढे! पोराने मनातल्या मनात सगळं ओळखलं. मी नुसतं जा म्हणायचे, गाडी त्याच्या हातात, म्हणून गोंधळ व्हायचा. आता ज्याने बघायचं त्यानेच वळवायचं. किती हुशार आहे माझा लेक. बोलत नव्हता तो मला चकित करायला.

१ जून

तयारी. बाजारातून कातडी हातमोजे आणले, काळा चष्मा आणला. (चष्म्याने मधलं धुरकट अजून काळं होतं, पण शोभतो.) ओट्यावर बसून पातेल्याचं झाकण फिरवण्याचा सराव केला. ब्रेक म्हणून पाय दाबला तो चहाच्या बंबाला लागला. उकळतं पाणी सैकालच्या पायावर. ती किंचाळली. मी म्हटलं, रस्त्यावर मध्ये यायचं नसतं.

ठराव: ड्रायव्हरने शांत असावं. चाबूक आता मागच्या सीटवर ठेवायचा.

६ जून

उद्या गाडी राजधानीतून दुरुस्त होऊन येणार. आख्ख्या गल्लीला सांगितलंय. पुन्हा मेंढा कापायचा म्हटलं तर जिरगल म्हणाला, नको. एवढाच शब्द, पण बोलला!

७ जून

गाडी आली. गल्ली जमली होती. मी हातमोजे घालून डावीकडे बसले. पुढ्यात चाक! गोल, गार, कातडी कव्हरचं. हॉर्न दाबला, कोंबड्या उडाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा म्हणाला, आता रस्ता मोकळा करा रे, मरायचंय का!

जिरगल दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, आपा, उठा.

मी म्हटलं, किल्ली दे.

तो म्हणाला, आपा, बर्मेतचा हात अजून सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित होणार नाही. उठा.

चाबूक मागे होता. चार बोटांवर. उठले.

मग उजवीकडे गेले, तिथेही पुढची सीट आहेच की. सैकाल बसली होती. पट्टा लावून. पायाला बँडेज. मी दार उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. मी दार लावलं.

८ जून

आज सैकालला घरी सोडायला पुन्हा घाट चढलो. मागे बसणंच बरं असतं. पाय पसरता येतात. मला इथून सगळं दिसतं, सैकालचा रुमाल दिसतो, जिरगलची मान दिसते. बर्मेत शेजारी होती, मोडका हात माझ्या बाजूला. धक्के लागू नयेत म्हणून मी घाटभर तो मांडीवर धरून ठेवला. तिने ठेवू दिला.

वर पुढे दगडांचा ट्रक लागला. मी पुढे वाकले. जिरगलने कुणालाच काही विचारलं नाही. स्वतःच गाडी जराशी डावीकडे बाहेर काढून बघितलं, थांबला, पुन्हा बघितलं.

मी म्हटलं, जा!

ट्रक तेव्हा कधीच आमच्या मागे पडला होता.